पंचेचाळीस दिवसांची पत

मार्च महिना लागला की व्यापारी पेठेत दोन प्रकारची लगबग दिसते. एक येणे वसूल करण्याची आणि दुसरी देणे एप्रिलवर ढकलण्याची. गेल्या दोन वर्षांत तिच्यात तिसरीची भर पडली आहे. करसल्लागाराकडून निरोप येतो आणि पेढीवरची माणसे पुरवठादारांची उद्यम नोंदणीची प्रमाणपत्रे गोळा करू लागतात. कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण मध्यम आणि कोण नुसताच व्यापारी, याची यादी तयार होते. कोणाचे बिल किती दिवसांचे झाले, हे मोजले जाते. वर्षानुवर्षे ज्या देण्यांकडे ‘खाते चालू आहे’ एवढे म्हणून कोणी वळून पाहत नव्हते, त्यांची आता तारीखवार तपासणी होऊ लागली आहे.

या लगबगीचे कारण म्हणजे प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ ब मध्ये २०२३ च्या वित्त अधिनियमाने घातलेले ‘एच’ हे उपकलम. ते १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून लागू झाले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा अधिनियम त्याची जागा घेत आहे. परंतु ही अट नव्या अधिनियमातही कायम ठेवलेली आहे. ‘आज ना उद्या सरकार माघार घेईल’ या आशेवर जे बसले होते, त्यांनी ती आशा आता सोडलेली बरी.

नियम मुळात साधा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेतली असेल, तर लेखी करार असल्यास करारातील मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांचीच. ही मुदत प्राप्तिकर खात्याने नव्याने ठरवलेली नाही. ती २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या १५ व्या कलमात आधीपासूनच होती. मुदत उलटली आणि ३१ मार्चला रक्कम देणे राहिली, तर त्या वर्षाच्या नफ्यातून तो खर्च वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातील, त्या वर्षी तो मिळतो. कलम ४३ ब मधील इतर काही देण्यांना विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंत जी सवलत मिळते, ती येथे नाही. मध्यम उद्योगांच्या देण्यांना हा नियम लागू नाही. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली, पण ती बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरतीच. म्हणून एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलेला माल या नियमात येत नाही, असाच अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो.

नियमाचा फटका किती मोठा असू शकतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कापडाचा व्यापार करणाऱ्या एका भागीदारी पेढीला वर्षाला १२ लाख रुपये नफा झाला. यंत्रमागधारकांचे ३० लाख रुपयांचे देणे मुदत उलटून ३१ मार्चला शिल्लक राहिले. करासाठी या पेढीचा नफा १२ लाखांऐवजी ४२ लाख रुपये धरला जाईल. भागीदारी पेढीला ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. या हिशेबाने कर होतो १३ लाख १० हजार ४०० रुपये. नफा १२ लाखांचा आणि कर १३ लाखांच्या वर! पुढील वर्षी ते देणे चुकते केले की वजावट मिळते, हे खरे. पण मधल्या काळात ही रक्कम कोठून तरी उभी करावीच लागते.

२०२४ च्या आरंभी हा हिशेब ध्यानात आला, तेव्हा कापडपेठांत खळबळ उडाली. माल परत पाठवल्याच्या, मागण्या थांबवल्याच्या आणि काही लहान उद्योगांनी ग्राहक टिकवण्यासाठी उद्यम नोंदणीच रद्द करून घेतल्याच्या बातम्या आल्या. व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मे २०२४ मध्ये न्यायालयाने याचिका दाखल करून घेण्यास नकार दिला आणि उच्च न्यायालयात जाण्याची मुभा ठेवली. नियम कायम राहिला.

या नियमाविषयी पेठेत जे बोलले जाते, त्यातील सगळेच चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. काही तक्रारी रास्त आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत.

पहिली तक्रार साखळीची. घाऊक व्यापाऱ्याला त्याचे पैसे किरकोळ दुकानदाराकडून नव्वद, कधी एकशे वीस दिवसांनी मिळतात. सणासुदीचा माल दुकानदार आधी उचलतो आणि विक्री झाल्यावर पैसे देतो. मधल्या माणसाने ४५ दिवसांत पैसे द्यायचे आणि स्वतः मात्र १२० दिवस थांबायचे, तर ७५ दिवसांचे भांडवल त्याने कोठून आणायचे? प्रश्न खरा आहे. कायद्याने साखळीच्या एका कडीला तारीख घातली आणि पुढील कडी मोकळी ठेवली.

दुसरी तक्रार पक्षपाताची. व्यापारी खरेदीदार असला की नियम त्याला बांधतो; तोच व्यापारी विक्रेता असला की नियम त्याच्या उपयोगाचा नाही. लहान शहरातील घाऊक व्यापारी एखाद्या मोठ्या कंपनीला माल देतो, तेव्हा त्याची अवस्था यंत्रमागधारकाहून वेगळी नसते. त्यालाही खरेदी विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. त्याला उद्यम नोंदणी द्यायची आणि तिच्यातील सर्वांत मोलाचा हक्क मात्र काढून घ्यायचा, ही विसंगती आहे.

तिसरी तक्रार सरकारविषयी आहे आणि ती सर्वांत टोचणारी आहे. ज्या सरकारने ४५ दिवसांचा दंडक घातला, त्याच सरकारची खाती, महामंडळे आणि नगरपालिका स्वतःची बिले कधी देतात? महाराष्ट्रात सरकारी कामांच्या कंत्राटदारांना थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये आंदोलने करावी लागली. सरकारी खाते प्राप्तिकर भरत नाही, म्हणून कलम ४३ ब त्याला बोचत नाही. कंत्राटदाराचे पैसे अडकले की त्याच्या सिमेंटवाल्याचे, खडीवाल्याचे आणि मजुराचेही अडकतात. दुसऱ्याला शिस्त लावणाऱ्याने प्रथम स्वतःच्या तिजोरीला ती लावावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या तिन्ही तक्रारी मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. तक्रार करणाऱ्याच्या खाली उभा असलेला माणूस या सगळ्या काळात काय करीत असतो?

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडी येथील लहान यंत्रमागधारकाचा व्यवहार डोळ्यांसमोर आणावा. सूत त्याला रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर घ्यावे लागते. कामगारांची मजुरी आठवड्याला द्यावी लागते. ती मागे ठेवता येत नाही, कारण कामगाराच्या घरची चूल थांबत नाही. विजेचे बिल महिन्याला येते आणि ते थकले तर जोडणी तोडली जाते. म्हणजे त्याचा प्रत्येक खर्च तारखेला बांधलेला आहे. फक्त त्याचे येणे तेवढे तारखेला बांधलेले नाही. समजा, त्याने १० लाख रुपयांचे कापड दिले आणि पैसे ठरल्यापेक्षा ९० दिवस उशिरा आले. बँकेच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज धरले, तर या ९० दिवसांचे व्याज सुमारे २९ हजार ६०० रुपये होते. त्या कापडावर त्याला ५ टक्के, म्हणजे ५० हजार रुपये सुटणार असतील, तर निम्म्याहून अधिक नफा व्याजातच गेला. ज्याला बँकेची मर्यादा मिळालेली नाही आणि जो महिना दोन टक्क्यांनी खासगी पैसे उचलतो, त्याला तीन महिन्यांत ६० हजार व्याज पडते. त्याने कापड विणले, घाम गाळला आणि शेवटी पदरचे १० हजार घातले.

हे व्याज नाहीसे झालेले नसते. ते घेणाऱ्याच्या नफ्यात जाऊन बसलेले असते. खरेदीदाराने पुरवठादाराकडून बिनव्याजी कर्ज घेतले, एवढाच त्याचा अर्थ. बँकेकडून कर्ज घ्यायचे तर तारण लागते, कागद लागतात, व्याज लागते. पुरवठादाराकडून घ्यायचे तर फक्त ‘सोमवारी या’ एवढे म्हणावे लागते. ज्याच्याकडे भांडवल कमी त्याने अधिक भांडवल असलेल्याला पोसावे, असा हा उलटा व्यवहार आहे.

हे कायद्याच्या लक्षात आलेच नव्हते असे नाही. लघुउद्योगांना उशिरा दिल्या जाणाऱ्या रकमांवर व्याज देण्यासंबंधीचा स्वतंत्र कायदा १९९३ मध्ये झाला. त्याची जागा २००६ च्या कायद्याने घेतली. त्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे मुदतीनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात बँक दर ६.७५ टक्के होता. तिप्पट म्हणजे २०.२५ टक्के आणि दरमहा चक्रवाढ धरली तर वर्षाला २२ टक्क्यांच्या वर. शिवाय हे व्याज करासाठी खर्च म्हणून वजाही मिळत नाही. तंटे मिटवण्यासाठी राज्यांत सुलभता परिषदा आहेत. तक्रार घरबसल्या नोंदवता यावी म्हणून २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. कंपन्यांनी ४५ दिवसांपलीकडची देणी दर सहामाहीला जाहीर करावीत, असा आदेश जानेवारी २०१९ मध्ये निघाला. कागदावर एवढी शस्त्रे असताना पेठेतील चाल मात्र बदलली नाही.

याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. तक्रार करण्याचा अधिकार ज्याला दिला होता, त्याला तो वापरणे परवडत नव्हते. ज्या यंत्रमागधारकाचे निम्मे कापड एकाच पेढीला जाते, तो त्या पेढीविरुद्ध परिषदेकडे जाईल कसा? व्याज मिळेल, पण पुढची मागणी जाईल. म्हणून तो गप्प बसतो, दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन जातो आणि हात जोडून ‘शेठजी, तेवढे बघा’ म्हणतो. कलम ४३ ब मधील नव्या उपकलमाने नेमके हेच ओळखले. लहान माणसाने तक्रार करण्याची आता गरज उरली नाही. मुदत उलटलेले देणे करलेखापरीक्षकाच्या नजरेस येते आणि शिक्षा करपत्रकातून आपोआप होते. संबंध बिघडल्याचा दोष कोणावर येत नाही. या नियमात अनेक उणिवा आहेत. पण तीस वर्षांत जे दोन कायद्यांना जमले नाही, ते या चार ओळींनी काही अंशी तरी घडवले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

काही अंशी म्हणण्याचे कारण असे की, या नियमाची धार फक्त ३१ मार्चला असते. एप्रिलमध्ये घेतलेल्या मालाचे पैसे जानेवारीत दिले, तरी त्याच वर्षात दिल्यामुळे वजावट पूर्ण मिळते. म्हणजे नऊ महिने थकवणाऱ्याला कराच्या दृष्टीने काहीच शिक्षा नाही. वर्षातून एकदा, मार्चअखेर खाते कोरे करायचे आणि एप्रिलपासून पुन्हा जुनी चाल धरायची, असा मार्ग काही पेढ्यांनी शोधलाही आहे. कायद्याचे शब्द पाळले आणि त्याचा हेतू मारला. अशा चतुराईचे पेठेत कौतुक होते, ही खरी चिंतेची बाब आहे.

व्यापारी घराण्यांनी या ठिकाणी थोडे मागे वळून पाहावे. उधारी ही काही आजची नव्हे. सगळा जुना व्यापारच उधारीवर चाले. परंतु त्या उधारीला तारीख होती. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजावे लागत. मुदती हुंडीचे दिवस ठरलेले असत. शेकडो कोसांवरच्या गावी, ज्याला कधी पाहिलेही नाही अशा माणसाच्या हातातील कागद पाहून पैसे मोजले जात, ते त्या कागदामागच्या नावासाठी. हुंडी परत गेली, तर नुकसान त्या रकमेपुरते राहत नसे. त्या पेढीचे नाव पेठेतून उतरे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील अशा कागदांच्या स्थानिक चालीरीतींना हात लावला नाही, एवढा त्या रीतींचा मान होता. पुढे त्याच कायद्यात धनादेश न वटल्यास फौजदारी शिक्षेचे १३८ वे कलम घालावे लागले. ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. जेथे पत पुरेशी होती, तेथे तुरुंगाची भीती आणावी लागली. आता प्राप्तिकराची भीती आणावी लागली आहे. कायदे वाढत जातात, याचा एक अर्थ असा की शब्द कमी पडत जातात.

उधारी हा दोष नाही. बेमुदत उधारी हा दोष आहे. ६० दिवसांचे सांगून ६० व्या दिवशी पैसे देणारा व्यापारी आणि १५ दिवसांचे सांगून ९० व्या दिवशी देणारा व्यापारी, यांतील पहिला अधिक भरवशाचा. पहिल्याच्या शब्दावर समोरचा आपला हिशेब बसवू शकतो. दुसऱ्याच्या शब्दावर काहीच बसवता येत नाही. कायद्याला ही सूक्ष्मता कळत नाही, तो सर्वांना एकच ४५ दिवसांची पट्टी लावतो. पण ती वेळ त्याच्यावर आणली ती दुसऱ्या प्रकारच्या व्यापाऱ्यांनी.

यात घरातील संस्कारांचाही भाग आहे. पेढीवर नव्याने बसणारा मुलगा पहिल्या सहा महिन्यांत काय शिकतो? माल पारखायला शिकतो, ग्राहक सांभाळायला शिकतो आणि पैसे मागायला आलेल्याला कसे परत पाठवायचे, तेही शिकतो. ‘सही करणारे बाहेरगावी गेले आहेत’ हे वाक्य त्याच्या तोंडी सहज बसते. ते असत्य आहे हे त्याला ठाऊक असते आणि ते व्यवहारात चालते, हेही त्याला शिकवलेले असते. ज्या घरात बोली बोलली की ती रक्कम तातडीने भरली जाते, उशीर झाला तर दोष लागेल म्हणून मन अस्वस्थ होते, त्याच घरात शिवणकाम करणाऱ्याचे, छापखान्याचे किंवा खोकी पुरवणाऱ्याचे बिल चार महिने पडून राहते आणि कोणाच्या मनाला काही वाटत नाही. श्रावकाच्या गुणांत न्यायसंपन्न विभवाला पहिले स्थान दिले आहे. तिसरे अणुव्रत न दिलेले घेऊ नये असे सांगते. दुसऱ्याचे पैसे त्याच्या इच्छेविरुद्ध स्वतःच्या व्यवसायात फिरवणे, हे ‘न दिलेले घेणे’ नव्हे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. संवत्सरीला सर्वांची क्षमा मागताना पुरवठादाराचेही नाव त्या यादीत असते; त्याला क्षमायाचनेबरोबर थकलेली रक्कमही पोचली, तर ती क्षमापना अधिक खरी ठरेल.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी.

प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत घेऊन फाइलला लावावी आणि दरवर्षी ती नव्याने पाहावी. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असल्यास सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असल्यास लघु. पूर्वी लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटी होती. त्यामुळे काल जो पुरवठादार मध्यम म्हणून नियमाच्या बाहेर होता, तो आज आत आलेला असू शकतो.

मुदत लेखी ठरवावी. लेखी करार नसेल तर १५ दिवसच मिळतात, हे अनेकांना अजून ठाऊक नाही. मात्र करारात ९० दिवस लिहिल्याने काही साधत नाही. ४५ च्या पुढचे दिवस कायदा मानत नाही. मालाविषयी हरकत असेल, तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी. तोंडी कुरकुरीने मुदत थांबत नाही. हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मग मुदत मोजली जाते.

अंदाजित नफ्यावर कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला, म्हणजे कलम ४४ एडी खाली येणाऱ्याला, या वजावटीच्या नियमाचा फटका सहसा बसत नाही. पण २००६ च्या कायद्याखालील व्याजाची जबाबदारी त्यालाही सुटलेली नाही, हे विसरू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुरवठादाराच्या उधारीला फुकटचे भांडवल समजणे थांबवावे. ती फुकट नसते. पुरवठादार तिची किंमत भावात लावून मोकळा झालेला असतो. रोखीने घेतल्यास जो वटाव मिळतो, त्याचा हिशेब करून पाहावा. समजा, ४५ दिवसांऐवजी लगेच पैसे दिल्यास पुरवठादार २ टक्के वटाव देतो. ९८ रुपयांवर ४५ दिवसांसाठी २ रुपये, म्हणजे वर्षाला १६ टक्क्यांहून अधिक. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा त्याहून स्वस्त पडत असेल, तर बँकेकडून घेऊन पुरवठादाराला लगेच द्यावे, वटाव घ्यावा आणि वरचा फरक स्वतःकडे ठेवावा. पुरवठादारही आनंदाने चांगला माल आधी याच पेढीला दाखवील. ‘बँकेचे व्याज नको’ या जुन्या अभिमानापोटी अनेक पेढ्या त्याहून महाग पैसा वापरत आल्या आहेत.

ज्या घरांचे स्वतःचे उत्पादन आहे, त्यांनी येण्याकडेही तेवढ्याच काटेकोरपणे पाहावे. बिलांवर बँकांकडून आगाऊ पैसे मिळवून देणारी ट्रेड्स ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत तिच्यात नोंदणी करावी, असा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेला आहे. मोठ्या कंपनीला माल देताना भावाबरोबर ‘बिल ट्रेड्सवर मंजूर करणार काय’ हेही विचारावे. विचारण्यात लाज नाही.

सरकारकडून काय मागावे, हेही व्यापारी संघटनांनी नव्याने ठरवावे. ‘नियम रद्द करा’ या मागणीत दम उरलेला नाही आणि ती शोभूनही दिसत नाही; कारण तिचा सरळ अर्थ ‘लहानांचे पैसे थकवू द्या’ असा होतो. त्यापेक्षा ‘नियम पुरता करा’ ही मागणी अधिक बळकट आहे. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या लहान व्यापाऱ्यालाही हे संरक्षण मिळावे. सरकारी खात्यांना आणि पालिकांना बिले थकवल्यास व्याज आपोआप लागू व्हावे आणि ते कोणत्या खात्याने किती भरले, हे दरवर्षी जाहीर व्हावे. देणी केवळ ३१ मार्चला न पाहता तिमाहीला पाहिली जावीत, म्हणजे वर्षातून एकदा खाते कोरे करण्याची पळवाट बुजेल. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, लघुउद्योगांसाठी नव्या कर्जाची योजना जाहीर करणे त्याला आवडते, कारण तिचा समारंभ करता येतो. लहान उद्योजकाचेच अडकलेले पैसे वेळेवर सुटले, तर त्याला त्या कर्जाची गरज कमी पडेल; पण त्याचा समारंभ होत नाही.

तोवर प्रत्येक पेढीला स्वतःपुरते करता येण्याजोगे एक काम आहे. येत्या १ एप्रिलला नवे हिशेब सुरू होतील, तेव्हा प्रत्येक खरेदी बिलापुढे देय तारीख लिहिण्याची सूचना हिशेबनिसाला द्यावी आणि दर शनिवारी त्या आठवड्यात देय झालेल्या बिलांची यादी मालकाच्या टेबलावर यावी. त्या यादीतील सर्वांत लहान रकमेपासून पैसे देण्यास सुरुवात करावी. कारण ज्याचे येणे सर्वांत लहान, त्याची गरज बहुधा सर्वांत मोठी असते.